आधी नाव जुळवा, मग रांगेत उभे राहा: सोलापुरात बिलांसाठी आणि घरखर्चासाठी सरकारी मदत मिळवताना

आमच्या घरात बिलं ठेवायची जागा ठरलेली होती, देवघरातल्या सिद्धेश्वराच्या फोटोमागची फट. लाईटबिल आलं की आई त्याची चौघडी करायची आणि तिथं खोचायची. वडील लूमवर (यंत्रमागावर) जात होते तोवर दर पगाराला त्यातला एखादा कागद बाहेर निघायचा. ते गेले आणि फोटो हळूहळू भिंतीपासून पुढं यायला लागला. एका संध्याकाळी उदबत्ती लावताना तो पडलाच. काच फुटली, आणि फरशीवर सात महिन्यांची बिलं पसरली.

त्या सात बिलांपासून पुढची दोन वर्षं मी जे हेलपाटे घातले, त्यातले निम्मे फुकट गेले. योजना नव्हत्या म्हणून नाही. योजना ढीगभर आहेत. मी सगळं उलट्या क्रमानं केलं म्हणून. आधी अर्ज भरला, मग कागद शोधले, मग कळलं की दोन कागदांवर आईची दोन वेगळी नावं आहेत. आई विड्या वळते, मी एका कारखान्यासाठी घरी शाळेचे गणवेश शिवते. एक दिवस कचेरीत गेला की दोघींची मजुरी बुडते. तुमचीही बुडू नये म्हणून, आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर ज्या क्रमानं करेन, तो क्रम इथं लिहिते.

१. लाईटबिल नीट वाचा, पण रक्कम शेवटी बघा

रक्कम आधी बघितली की पोटात गोळा येतो आणि बाकीचं वाचायचं राहून जातं. म्हणून आधी वरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट (आपल्या भागातल्या वीज कार्यालयाचा क्रमांक) वहीत उतरवून घ्या. पुढं प्रत्येक ठिकाणी हेच दोन आकडे विचारतात.

मग मागील रीडिंग आणि चालू रीडिंग बघा. बिलावर मीटरचा फोटो छापलेला असतो. मोबाईलची बॅटरी लावून आपल्या मीटरवरचा आकडा त्याच्याशी ताडून बघा. रीडिंगच्या रकान्यात ‘लॉक’, ‘फॉल्टी’ किंवा ‘आरएनए’ असं काही दिसलं तर समजायचं, हे बिल सरासरीनं आलंय. आमच्या वाड्यात मीटर जिन्याखाली आहेत आणि जिन्याच्या दाराला कुलूप असतं. रीडिंग घेणारा येतो तेव्हा मी मशीनवर आणि आई कारखान्यावर विड्या द्यायला गेलेली. चूक आमचीच. आता त्या कुलपाची एक किल्ली वाड्याच्या तोंडाशी राहणाऱ्या अक्कांकडे असते. महावितरणच्या ॲपवरून रीडिंग स्वतः पाठवायचीही सोय आहे.

सरासरी बिलाचा खरा फटका नंतर बसतो. घरगुती दराचे टप्पे आहेत: पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढं आणखी महाग. समजा दोन महिने रीडिंग झालं नाही आणि तिसऱ्या वेळी एकदम २७० युनिट दिसले. महिन्याला ९० धरले तर सगळे युनिट पहिल्याच टप्प्यात बसतात. एका महिन्याचे म्हणून मोजले तर १७० युनिट महाग टप्प्यात जातात. म्हणून असं बिल आलं की युनिट तेवढ्या महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ दिलाय का, हे बघा. दिसत नसेल तर बिल दुरुस्तीचा लेखी अर्ज करा.

एक गैरसमज आमच्या गल्लीत घट्ट बसलाय: १०१वा युनिट पडला की सगळेच युनिट महाग होतात. तसं नाही. वरचा जादा भागच महाग दरानं लागतो.

आता हिशोब. जुना ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिट होतात. असे दोन पंखे म्हणजे ५४. एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पंखा बारा तासांवर थांबत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यात १८० वॅटचा कूलर रात्री दहा तास चालला की आणखी ५४. झाले १०८. टीव्ही, मिक्सर, दिवे अजून बाकीच आहेत. त्यामुळं उन्हाळ्यात बिल फुगलं की लगेच मीटरवर संशय घेऊ नका, आधी एवढी बेरीज करून बघा.

घरात बसून काही करणाऱ्या बायांसाठी मुद्दाम सांगते. शिवणकाम असो, शेंगाचटणी असो की कडक भाकरी, राहत्या घराच्या एका भागात असा छोटा धंदा असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिट व वर्षाला ३,६०० युनिटांच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. ‘मशीन दिसलं, आता व्यापारी मीटर लागणार’ असं कुणी घाबरवलं तर हा नियम सांगा. यंत्रमागाची गोष्ट वेगळी, त्याचं कनेक्शन वेगळंच असतं.

महावितरणच्या दरपत्रकात दारिद्र्यरेषेखालचा म्हणून एक वेगळा, बराच स्वस्त दर आहे. पण पिवळं रेशन कार्ड दाखवलं म्हणून तो मिळत नाही. त्यासाठी मंजूर भार (कनेक्शनला मंजूर झालेली वीजक्षमता) अगदी छोटा आणि वर्षाचा वापर ३६० युनिटांच्या आत लागतो. महिन्याला सरासरी ३०. एकट्या राहणाऱ्या, दोन दिवे आणि एक पंखा असलेल्या म्हातारीला तो बसू शकतो. चौघांच्या घराला बसत नाही.

२. मीटर कुणाच्या नावावर आहे?

आमचं माझ्या आजोबांच्या नावावर होतं. आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली होती. बिल भरायला ते नाव चालतं, पण भांडायला, हप्ते मागायला किंवा सवलत घ्यायला गेलं की समोरचा विचारतो, “तुम्ही कोण?”

नावबदलाचा अर्ज ऑनलाईनही होतो. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, बाकी वारसांचं ना-हरकत पत्र आणि घरपट्टीची पावती लागते. थकबाकी आधी मिटवावी लागते. माझे दोन काका अक्कलकोट रोडला राहतात, एक पुण्याला. तीन सह्या गोळा करायला मला गड्ड्याची जत्रा येईपर्यंत थांबावं लागलं, कारण पुण्याचे काका तेव्हाच येतात. तुमच्या घरात असं असेल तर भांडण नसतानाच सह्या घेऊन ठेवा.

भाड्यानं राहत असाल तर घरमालकाकडून दर महिन्याला मूळ बिलाचा फोटो मागा. युनिटमागं ठरावीक रुपये सांगून पैसे घेण्याची पद्धत सर्रास आहे, आणि त्यात भाडेकरूला आपण किती भरायला हवं होतं, ते कळतच नाही.

३. थकबाकी असेल तर शिडी घेऊन माणूस यायची वाट बघू नका

वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मधल्या तीन गोष्टी पाठ करा.

पहिली: थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

दुसरी: बिलच चुकीचं आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर मागितलेली पूर्ण रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरता येते. वाद मिटेपर्यंत मग वीज तोडता येत नाही. अर्जात ‘निषेध नोंदवून’ हे शब्द लिहाच.

तिसरी: जी थकबाकी दोन वर्षांहून जुनी आहे आणि मधल्या बिलांत सलग दाखवलेलीच नाही, ती अचानक उकरून वसूल करता येत नाही. जुनी बिलं जपून ठेवायची ती यासाठी. सिद्धेश्वराच्या कृपेनं आमची फोटोमागं होती.

बिल बरोबर आहे पण पैसेच नाहीत, असं असेल तर उपविभाग कार्यालयात हप्त्यांसाठी अर्ज द्या. कारण खरं लिहा: कर्ता माणूस गेला, आजारपण, लूम बंद. जमेल तेवढी रक्कम सोबत न्या. रिकाम्या हातानं हप्ते मागणारा आणि पाचशे रुपये टेबलावर ठेवून मागणारा, यांत फरक पडतो. मी दोन्ही करून बघितलंय.

वीज कायमची तुटलेली असेल तर अधूनमधून अभय योजना येते. १ सप्टेंबर २०२४ ला सुरू झालेल्या योजनेत व्याज आणि विलंब आकार पूर्ण माफ होता. मूळ रकमेच्या ३० टक्के भरून बाकीचे सहा बिनव्याजी हप्ते करून मिळायचे. अशी घोषणा झाली की शेवटच्या तारखेची वाट बघू नका. राष्ट्रीय लोकअदालतीतही वीजबिलाची आणि घरपट्टीची थकीत प्रकरणं ठेवतात. तिथं कोर्ट फी लागत नाही. वकील हवा असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

बिल दुरुस्तीचा अर्ज धूळ खात पडला तर आधी महावितरणच्या तक्रार कक्षात, तिथं दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं. साधी तक्रार १९१२ वर नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

आणि एक. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला तर तो भामट्याचा आहे. फोन करू नका, लिंक उघडू नका. आमच्या शेजारच्या मावशींनी उघडली होती. गणपतीसाठी साठवलेले पैसे गेले.

४. आता कागदांची पिशवी

इथून पुढं वीज संपली, योजना सुरू. लागणारे कागद बहुतेक ठिकाणी तेच असतात:

- आधार कार्ड, घरातल्या प्रत्येकाचं
- रेशन कार्ड, पहिलं आणि शेवटचं पान
- बँक पासबुक, खातं क्रमांक आणि आयएफएससी दिसणारं पान
- उत्पन्नाचा दाखला
- रहिवासी पुरावा: लाईटबिल, घरपट्टी पावती किंवा भाडेकरार
- जन्मतारखेचा पुरावा: शाळा सोडल्याचा दाखला
- लागू असेल तसा मृत्यूचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, जातीचा दाखला
- विडी कामगार ओळखपत्र, बांधकाम कामगार नोंदणी किंवा ई-श्रम कार्ड
- आधारला जोडलेला मोबाईल नंबर, आणि तो मोबाईल स्वतः सोबत

शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. नंबर भावाच्या नावावर, भाऊ हैदराबादला, आणि ओटीपी तिकडं वाजतोय. खिडकीवर हे रोज घडतं.

नाव. हा खड्डा सगळ्यात मोठा. आमच्या पूर्व भागात निम्मी घरं घरात तेलुगू बोलणारी. कुणाचं आडनाव आधी, कुणाचं नाव आधी, कुठं नवऱ्याचं नाव मधे, कुठं बापाचं. आईच्या आधारवर ‘लक्ष्मी’, रेशन कार्डावर ‘लक्ष्मीबाई’, पासबुकात माहेरचं आडनाव. माणूस एक, संगणकाच्या हिशोबी तिघी. सगळे कागद एका ओळीत मांडा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग बघा. आधी आधार दुरुस्त करा, मग बाकीचे कागद त्याला जुळवा. याला महिना-दीड महिना जाईल. जाऊ द्या. हा महिना वाचवायला गेले आणि माझे दोन अर्ज परत आले.

बँक. पासबुकाला आधार जोडलंय म्हणजे सरकारी पैसे त्यात येतील, असं नाही. पैसे येण्यासाठी खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात जमा होण्यासाठी) ‘सीडिंग’ झालेलं लागतं, त्यालाच एनपीसीआय मॅपिंग म्हणतात. बँकेत जाऊन नेमकं असंच विचारा: “माझं खातं डीबीटीसाठी सीडेड आहे का?” नुसतं “आधार लिंक आहे का?” विचारलंत तर “आहे की” म्हणून उत्तर येतं आणि पैसे येत नाहीत. आधारच्या वेबसाईटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्येही हे दिसतं. एका आधारला एकच खातं असं जोडलं जातं, सगळ्यात शेवटी जोडलेलं. तुम्ही मधेच कुठं नवीन खातं काढून तिथं संमतीची सही केली असेल तर पैसे त्या विसरलेल्या खात्यात पडत असतील. कुठंच जमत नसेल तर पोस्टातल्या पेमेंट्स बँकेचं खातं काढा. पोस्टमनही घरी येऊन काढून देतो.

बोटं. विडी वळणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. दिवसभर तेंदूपान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. वीस-तीस वर्षांत बोटांच्या रेषाच पुसट होतात. आईचं बोट मशीनवर चार वेळा लागलं नाही, तेव्हा मागची बाई कुरकुरायला लागली आणि आई रांग सोडून घरी आली. तुम्ही सोडू नका. आदल्या रात्री बोटांना खोबरेल चोळा, सकाळी कोमट पाण्यानं धुऊन कोरडी करा. दहाही बोटं एकेक करून लावून बघायला सांगा, करंगळी बऱ्याचदा लागते. नाहीच लागली तर डोळ्यांचं स्कॅन, ओटीपी किंवा चेहऱ्याची ओळख यातलं काय चालेल ते विचारा. आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्यानंही घेतात.

५. रेशन कार्ड

धान्यापुरतं नाही, पुढच्या निम्म्या योजनांची ही किल्ली आहे. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे, खेड्यात ४४,०००. प्राधान्य कार्डावर माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. दुकानदार त्याचे पैसे मागत असेल तर पावती मागा. ती तो देणार नाही, आणि विषय तिथंच संपेल.

कार्ड केशरी आहे म्हणजे धान्य मिळेलच असं नाही. यादीत प्राधान्य म्हणून नाव चढलेलं लागतं. लग्न होऊन आलेली सून, जन्मलेलं बाळ यांची नावं वेळेत चढवा. ई-केवायसी प्रत्येक सदस्याचं करायचं असतं, फक्त कार्डावर पहिलं नाव असलेल्या बाईचं नाही. ज्यांची बोटं लागत नाहीत त्यांच्यासाठी ‘मेरा ई-केवायसी’ ॲपमध्ये चेहरा दाखवून होतं. आईचं मी गच्चीत सकाळच्या उजेडात केलं, पाचव्या प्रयत्नात. डोक्यावरचा पदर मागं घ्यायला लावला, तेव्हा कुठं जमलं.

६. उत्पन्नाचा दाखला

आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून. शहरात राहणाऱ्यांचा अर्ज बहुतेक वेळा ‘उत्तर सोलापूर’ तहसीलला जातो, कुंभारीकडच्या घरकुलांत राहायला गेलेल्यांचा ‘दक्षिण सोलापूर’ला. राहायला गेलात पण आधारवर जुना पत्ता असेल तर दोन्हीकडून परत पाठवतील.

इथं दोन सापळे आहेत. एक, मुद्रांकाचा. तुम्हाला पाचशेचा स्टॅम्प आणायला सांगणारे भेटतील. दाखल्यासाठीचं प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालतं, त्याला मुद्रांक शुल्क माफ आहे. दोन, आकड्याचा. बाहेर बसलेला माणूस हसत विचारतो, “किती लिहू, एकवीस हजार?” कारण संजय गांधी योजनेची मर्यादा २१,००० आहे, आणि त्याच्या मते ती सगळीकडे चालते. खरं असेल तर जरूर लिहा. पण मुलाच्या कॉलेजच्या शिष्यवृत्तीला एक आकडा आणि आईच्या पेन्शनला दुसरा दिलात, तर तपासणीत दोन्हीकडून अडकता. मजुरीचा हिशोब वहीत ठेवा. विडीचं मजुरीपुस्तक, कारखान्याची पावती, काहीही. तलाठ्यानं विचारलं तर दाखवायला कागद हवा.

७. महिन्याला खात्यात येणारे पैसे

संजय गांधी निराधार अनुदान योजना: विधवा, घटस्फोटित, दिव्यांग, अनाथ मुलं, मोठ्या आजारानं अंथरुणाला खिळलेली माणसं, वय ६५ च्या आत. महिन्याला १,५०० रुपये. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाले. ६५ च्या पुढं असाल तर श्रावणबाळ योजना, तेही १,५००. महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो. आमच्यासारख्यांना तो सहज मिळतो, पण गुलबर्गा-विजापूरकडून आलेल्यांनी मुलांचे शाळेचे जुने दाखले सांभाळून ठेवावेत. मंजुरी समितीच्या बैठकीत होते, त्यामुळं अर्ज दिला आणि पुढच्या महिन्यात पैसे आले, असं होत नाही. एकदा सुरू झाले की दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. तो चुकला की पैसे गपचूप थांबतात, कुणी घरी सांगायला येत नाही.

लाडकी बहीण योजना तुम्हाला माहीतच आहे: २१ ते ६५ वय, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिन्याला १,५००. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पण ज्या बाईला संजय गांधीचे १,५०० मिळतात तिला हे वर मिळत नाहीत. ‘दोन्ही करून देतो’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. ई-केवायसी इथंही आहे, तिथं बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचंही विचारतात.

राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. यावर माझं बोलणं जरा कडू होईल. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातला १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस गेला तर एकरकमी २०,००० रुपये मिळतात. वडील ५४ चे होते. आम्हाला ही योजना कळली तेव्हा उशीर झाला होता. तेराव्याला घर भरून माणसं आली, पण एकानंही हे सांगितलं नाही, कारण त्यांनाही माहीत नव्हतं. तुमच्या गल्लीत असं काही घडलं तर मृत्यूच्या दाखल्याच्या चार प्रती काढून द्या आणि सुतक फिटलं की तहसीलला घेऊन जा.

विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार कल्याण विभागाची शिष्यवृत्ती आहे, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. त्यासाठी आईचं विडी ओळखपत्र चालू हवं. घरात कुणी बांधकामावर जात असेल तर वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र घेऊन कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. नोंदणी शुल्क १ रुपया आहे. हजार मागणारा तुम्हाला ९९९ रुपयांना फसवतोय.

८. गॅस

उज्ज्वला कनेक्शन असेल तर १४.२ किलोच्या सिलिंडरमागं ३०० रुपये खात्यात येतात. २०२५-२६ साठी ही सवलत वर्षाला ९ सिलिंडरपर्यंत आहे. राज्याची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना वर्षाला ३ सिलिंडर फुकट देते, उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीणच्या पात्र घरांना. पण कनेक्शन बाईच्या नावावर हवं, आणि एका महिन्यात एकाच सिलिंडरला लाभ. सिलिंडर घेताना पैसे पूर्ण द्यायचे, परत खात्यात येतात. म्हणजे सीडिंग चुकलं तर इथंही नुकसान.

आमचं कनेक्शन वडिलांच्या नावावर होतं. आईच्या नावावर करायला एजन्सीत मृत्यूचा दाखला, आधार आणि पासबुक घेऊन गेले. एका फेरीत झालं. दोन वर्षांत एका फेरीत झालेलं हे एकच काम.

९. घरपट्टी आणि पाणीपट्टी

नळाला पाणी रोज येत नाही, पट्टी मात्र वर्षाची लागते. त्यावर चिडून भरायचं थांबवलं तर आपलंच नुकसान, कारण थकीत घरपट्टीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. महापालिका मधूनमधून शास्तीमाफी जाहीर करते. तेव्हा झोन कार्यालयातून थकबाकीचा उतारा काढा आणि मूळ रक्कम व शास्ती वेगळी लिहून घ्या. वापरात नसलेलं जुनं नळ कनेक्शन असेल तर रीतसर बंद करून घ्या. आमच्या वाड्यात एका सुकलेल्या नळाची पट्टी कितीतरी वर्षं चालू होती.

१०. दवाखाना

बिलं थकतात त्याचं मूळ बऱ्याचदा दवाखान्यात असतं, म्हणून दोन ओळी. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. पैसे भरायच्या आधी तिथं जा, नंतर नाही. चौकशीला १५५३८८. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या खर्चात ठेवाव्या लागतात. तिथला समाजसेवक कुठं बसतो ते विचारा आणि रेशन कार्ड पुढं करा.

११. छतावरचं सोलर

स्वतःचं छत असेल तरच हे वाचा. २०२५ मध्ये राज्यानं ‘स्मार्ट’ नावाची योजना आणली. एक किलोवॅटचा संच सुमारे ५०,००० चा. केंद्राचे ३०,००० आणि राज्याचे पैसे धरून दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला २,५०० रुपये भरावे लागतात. १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकांना ५,०००, इतरांना १०,०००. थकबाकी असेल तर दारातूनच परत. आमच्या वाड्याचं छत पाच कुटुंबांचं आहे, त्यामुळं आमचा विषय तिथंच मिटला.

१२. अर्ज दिल्यानंतर

पोच घ्या. तारीख, शिक्का, आवक क्रमांक. “पोच कशाला, ऑनलाईन दिसतंय की” असं म्हटलं तरी घ्या. लोकसेवा हक्क कायदा २०१५ प्रमाणे ठरलेल्या दाखल्यांना मुदत असते आणि ती उलटली तर अपील करता येतं, पण मुदत मोजायला सुरुवातीची तारीख हवी. पोच नाही तर सुरुवात नाही.

माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. एका पानावर एक अर्ज: कुठं दिला, कुणाच्या हातात दिला, काय म्हणाले, पुन्हा कधी बोलावलं. सोमवारी आणि सणाच्या आदल्या दिवशी जायचं नाही, दुपारच्या जेवणाच्या तोंडावर जायचं नाही. झेरॉक्स घरूनच काढून न्यायच्या, कचेरीच्या दारातला दुप्पट घेतो. मूळ कागद कुणाच्याही हातात ठेवून यायचं नाही. मी एकदा आईचा विवाहाचा दाखला एका सेतूवाल्याकडे “उद्या स्कॅन करतो ताई” या शब्दावर ठेवून आले. तो उद्या सतरा दिवसांनी आला, आणि दाखल्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता.

फोटोला नवी काच बसवली. बिलं आता वहीत असतात. परवा अक्का त्यांची तीन बिलं घेऊन आल्या, चौघडी केलेली. मी म्हटलं, “अक्का, आधी आधार आणि पासबुक दाखवा.” पासबुकावर ‘पद्मा’ होतं, आधारवर ‘पद्मावती’. पुढच्या मंगळवारी आम्ही दोघी आधार केंद्रात जाणार आहोत.